नवीन गादीला खालून बुरशी आलीय, काय करावं? (दुकानदार हात वर करतोय)

अस्मिता_डों
नमस्कार मंडळी, एरवी वाचनमात्र असते, आज वैतागून धागा काढतेय. मे अखेरीस आम्ही नवीन डबलबेड आणि गादी घेतली, दोन्ही एकाच दुकानातून. बेड हायड्रॉलिक, खाली स्टोरेजवाला. गादी आठ इंची, खाली कडक फोम आणि वर मेमरी फोम, नुसत्या गादीचेच २६ हजार मोजलेत. परवा चादर बदलताना कोपरा उचलला तर कुबट वास आला, म्हणून मिस्टरांना हाक मारून अख्खी गादी उभी केली तर खालच्या पांढऱ्या कापडावर हिरवट काळे ठिपके, ठिपके कसले, चांगले मोठे पट्टेच. बेडच्या फळीवर पण पांढुरकी भुकटी.

दुकानात फोन केला तर "मॅडम पावसाळ्यात होतं असं, मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट नाही, वॉरंटीत बसत नाही." माझं म्हणणं असं की गादी ओलसर गोडाऊनमध्ये पडून होती आणि तशीच माझ्या गळ्यात मारली. घर डोंबिवलीत, तिसरा मजला, गळती वगैरे काही नाही. मुलगा सहा वर्षांचा आहे आणि हल्ली सकाळी उठला की शिंकांचा सपाटा लावतो, म्हणून जास्त टेन्शन आलंय.

साफ होते का ही? की फेकायची? आणि दुकानदाराशी भांडण्यात अर्थ आहे का?

गवतीचहा
फोटो टाका ना. आणि पहिलं काम म्हणजे कडक उन्हात घाला दोन दिवस, उन्हासारखं औषध नाही.

बिनसाखरेचा
@गवतीचहा जुलैमध्ये डोंबिवलीत कडक ऊन? कुठल्या ग्रहावर राहता आपण? पत्ता द्या, आमचे बनियन वाळत घालायला येतो.

सोलापुरी_चादर
आमच्याकडे नळाला पाणी चार दिवसांनी येतं. माणसांनाच पुरत नाही, बुरशीला कुठून देणार. गादी इकडे पाठवा, कडक वाळवून परत पाठवतो, जाण्यायेण्याचं भाडं तुमचं.

तिरफळ
चिपळूणहून लिहितोय, ह्या विषयात आमचा हात कोणी धरणार नाही.

आमच्या जुन्या घरात कापसाच्या गाद्या मृगाच्या आधी गुंडाळून, सुतळीने बांधून चुलीच्या वरच्या माळ्यावर जायच्या. चार महिने खाली चटई, वर घोंगडी आणि गोधडी. पाहुणे आले तरच गादी खाली उतरायची आणि तिला धुराचा वास यायचा, पण बुरशीचा कधी आला नाही. आता स्लॅबचं घर, गॅसची शेगडी, माळा गेला आणि वर आठ इंची स्पंज आला, तो काय गुंडाळून ठेवता येतो?

२२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी तळमजल्यात शिरलं तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूला गाद्यांचे ढीग लागले होते. कापसाच्या काही लोकांनी फोडून, वाळवून, पुन्हा पिंजून घेतल्या. फोमच्या सगळ्या गेल्या, कारण फोमच्या आत गेलेलं पाणी बाहेर येतच नाही, वरून वाळल्यासारखी वाटते आणि आठवड्याने वास मारायला लागते. तुमची काही पुरात बुडालेली नाही त्यामुळे एवढ्यात फेकू नका, पण आत किती गेलंय ते आधी बघा.

होममेकर९
अगदी सोप्पं आहे गं. व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं स्प्रे बाटलीत, मारायचं, अर्धा तास ठेवायचं, पुसायचं. मग वरून खायचा सोडा भुरभुरायचा आणि सकाळी व्हॅक्युम. तरी नाही गेलं तर टॉयलेटचं ब्लीच थोडं पाण्यात घालून त्याच जागी लाव, डाग गायब. वर कापराच्या वड्या.

प्रयोगवही
@होममेकर९ थांबा थांबा थांबा. व्हिनेगर मारलेल्या जागेवर ब्लीच अजिबात नको! सोडियम हायपोक्लोराइटवर आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद बेडरूममध्ये घसा आणि फुप्फुसं भाजून निघतील. हे मी दर वर्षी दहावीच्या पोरांना सांगते, आता इथेही सांगते. ब्लीच एकटं वापरलं तरी गादीसाठी उपयोगाचं नाही. रंग उडतो म्हणून आपल्याला वाटतं गेली, पण ब्लीचमध्ये बहुतेक पाणीच असतं, ते फोममध्ये मुरतं, म्हणजे बुरशीला आपणच पाणी पाजलं. फरशी, टाइल यांना ठीक आहे.

व्हिनेगरचंही तेच, दुकानातल्या बाटलीत ॲसिटिक ॲसिड ४-५ टक्केच, त्यात तुम्ही अजून पाणी घालणार. कापडाला मी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल सांगेन, मेडिकलमध्ये मिळतं, लवकर उडून जातं, मागे ओल ठेवत नाही. फडक्यावर घेऊन टिपायचं, गादीवर ओतायचं नाही. खिडकी उघडी ठेवा आणि उदबत्ती, निरांजन, गॅस सगळं लांब, भडकतं ते.

कापराने वास झाकला जातो. बुरशी तिथेच.

होममेकर९
बापरे, हे ब्लीचचं माहीत नव्हतं. आमच्याकडे बाथरूमला दोन्ही एकामागोमाग मारते कामवाली बाई. आजच सांगते तिला.

झोपाळू_मांजर
इस्त्री फिरवली तर? किंवा ते स्टीम क्लीनर?

बिनसाखरेचा
हो, आणि वर रवा पेरून इडली पण करा.

प्रयोगवही
वाफ नकोच. वाफ म्हणजे पाणीच, तेही दाबाखाली आत ढकललेलं. सुती पडद्याला चालेल, फोमला नाही.

चष्मेवाली_डॉक
छातीविकार बघते म्हणून थोडं. मुलाला आजपासून त्या गादीवर झोपवू नका, निर्णय काय व्हायचा तो होवो. शिंका बुरशीच्याच असतील असं इथून कोणी सांगू शकत नाही, धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) असू शकतात, पण दोघांनाही ओल आवडते. माइट्स पाणी पीत नाहीत, हवेतली ओल अंगात ओढून जगतात, त्यामुळे आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली की वाळून मरतात. आपल्याकडे पावसाळ्यात ५० टक्के हे स्वप्नच, तरी जितकी कमी तितकं बरं. शिंकांबरोबर रात्रीचा खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज, असं काही असेल तर दाखवून घ्या, गादीची वाट बघू नका.

आणि साफ करताना कोरड्या ब्रशने झटकू नका, सगळे बीजाणू खोलीभर होतात. एन-९५ मास्क लावा, कोविडमधला कपाटात पडला असेलच. मूल दुसऱ्या खोलीत.

मुकादम
मी फर्निचर बनवतो, बेड बरेच केलेत. ताई दोन प्रश्न. एक, बेडची वरची फळी आख्खी आहे का तिला भोकं आहेत? दोन, बुरशी नक्की कुठे आहे, कडेला, कोपऱ्यात, भिंतीच्या बाजूला, का मधे?

अस्मिता_डों
@मुकादम फळी आख्खी, दोन भागात, वरून पांढरं सनमायकासारखं चकचकीत. एकही भोक नाही. गादीला खालून प्लास्टिक होतं, डिलिव्हरीवाला म्हणाला खालचं काढू नका, डाग पडला तर वॉरंटी जाईल. आता ओढून काढलंय.
बुरशी कडेला नाहीये, दोन पट्टे आहेत, साधारण खांद्यापासून कमरेपर्यंत. एक मोठा एक लहान. मोठा मिस्टरांच्या बाजूला.

बिनसाखरेचा
मिस्टरांना वॉरंटी आहे का?

झोपाळू_मांजर
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट सासरी कळवावा लागेल.

अस्मिता_डों
सासूबाई शेजारी बसून वाचतायत. हसल्या, पण फार नाही.

मुकादम
मग ताई गादी ओली आली नव्हती. गोडाऊनची ओल असती तर कडेने, शिवणीने, कुठेही आली असती. माणसाच्या आकारात आली म्हणजे ती माणसाची ओल आहे. रात्रभर घाम आणि अंगाची वाफ गादीत उतरते, खाली प्लास्टिक, त्याखाली लॅमिनेट, जाणार कुठे? तिथेच बसते. आणि हायड्रॉलिक बेडचा डबा चारी बाजूंनी बंद, आत जुन्या रजया, बॅगा, लग्नातली भांडी ठासून भरलेली असणार.

गिऱ्हाईक मला विचारतं बीडब्ल्यूपी (पाण्याने न सडणारा) प्लाय टाकलाय ना, आयएस ७१० चा शिक्का आहे ना. टाकतो की. त्याने प्लाय सडणार नाही, गादीला त्याचा काय फायदा? प्लाय जितका पक्का आणि लॅमिनेट जितकं चकचकीत तितकं ते कमी शोषणार. जुन्या सागवानी पलंगाला पट्ट्या असायच्या आणि मधे दोन बोटांच्या फटी. त्या फटी लाकूड वाचवायला नव्हत्या ठेवलेल्या.

उपाय: वरच्या फळीला भोकं पाडून घ्या. कपाटाच्या ऑटो हिंजसाठी ३५ एमएमचा बिट प्रत्येक सुताराकडे असतो, त्यानेच पाडायची, सहा-सहा इंचांवर, गादीखालच्या सगळ्या भागात, नुसती मधे चार नाहीत. सुतार बुधवारी येतो म्हणेल, कुठला बुधवार ते विचारून घ्या. आणि डब्याच्या कडेच्या फळ्यांना पण दोन्ही बाजूंनी जाळ्या बसवा, नाहीतर भोकातून डब्यातली कोंदट हवाच वर येणार. पायाशी आणि डोक्याशी फक्त केली तरी वारा फिरतो. बेड बाहेरच्या भिंतीला चिकटवलेला असेल तर चार बोटं पुढे ओढा.

कोपऱ्यातला
मुकादमांना जोरदार अनुमोदन, थोडं फिजिक्स जोडतो. अंगाच्या बाजूने गादी गरम असते, खालून थंड, त्यामुळे ओल गरम बाजूकडून थंड बाजूकडे सरकते आणि फळीपाशी अडते. वरून गादी कोरडी ठणठणीत लागते ती म्हणूनच, आणि कोणी उचलून बघत नाही.

त्यात एसी. ३० डिग्री आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, २६ च्या आसपास येतो. तुम्ही रात्री एसी २२ ला लावला की फरशी, बेड, गादी सगळं थंड. सकाळी एसी बंद करून "ताजी हवा येऊ दे" म्हणून खिडक्या उघडल्या की बाहेरची दमट हवा त्या थंड वस्तूंवर येते. फरशीवर पाणी दिसतं, कापडात दिसत नाही, पण गादीजवळची आर्द्रता काही वेळ ९० च्या वर जाते. पावसाळ्यात एसी बंद केल्यावर खोली आपोआप कोमट होऊ द्यावी, मग खिडकी.

गवतीचहा
हे काही पटलं नाही. आमच्या आईने आयुष्यभर सकाळी उठल्या उठल्या खिडक्या उघडल्या, कधी बुरशी नाही.

कोपऱ्यातला
आईंकडे एसी होता का?

गवतीचहा
नव्हता.
बरं, पटलं. पण अर्धंच. एसी नसलेल्यांनी खिडक्या उघडायच्याच.

कोपऱ्यातला
अर्थात.

पत्रव्यवहार
मंडळी तुम्ही सगळे दुकानदाराची वकिली करताय. बुरशी घामाने आली हे मान्य करू, पण बिनभोकाचा बेड विकला कोणी? त्याच दुकानाने. त्यावर ही गादी बसवली कोणी? त्याच दुकानाच्या माणसांनी. प्लास्टिक काढू नका सांगितलं कोणी? त्यांनीच. मग ग्राहकाचा काय संबंध? "पावसाळ्यात होतं" हे त्याला माहीत आहे तर विकताना का नाही बोलला?

अस्मिताताई, गादीबरोबर छापील पत्रक आलं असेल. त्यात कुठल्या पृष्ठभागावर ठेवायची ते लिहिलंय का बघा. बहुतेकांत हवा खेळती राहील अशा पट्ट्यांवर ठेवा असं कुठेतरी मुंगीच्या अक्षरात असतं. ते सापडलं तर तुमची बाजू पक्की होते, कारण दोन्ही वस्तू एकाच बिलावर आहेत. आहेत ना?

भांडण फोनवर नको. ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर लेखी, फोटो, बिल, काय हवंय ते एका वाक्यात. नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तक्रार नोंदवून नंबर घ्या. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं. २०१९ च्या कायद्यात सदोष वस्तूच नाही तर वापराच्या अपुऱ्या किंवा चुकीच्या सूचना हाही विषय येतो.

मुकादम
@पत्रव्यवहार वकिली नाही हो, पण हे खरं बोललात. आमच्या धंद्यात भोकं पाडायची म्हटली की गिऱ्हाईकच ओरडतं, "अहो सामानावर धूळ पडेल, चांगल्या प्लायला भोकं कशाला". दुकानदार कशाला समजावत बसतोय.

मीनल_सिंगापूर
इथे बारा महिने जुलै. पहिल्या वर्षी चामड्याचे बूट, पर्सेस, लग्नातला शालू, सगळ्यावर फर आली होती. आता घरात चिमुकला हायग्रोमीटर आहे, आर्द्रतेचा आकडा ७० च्या वर गेला की डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल खेचणारं मशीन. बेड पट्ट्यांचा, गादीवर वॉटरप्रूफ पण श्वास घेणारं कव्हर, ते रेक्झिनसारखं कडकड वाजणारं नाही. आणि सकाळी पांघरूण नीट घडी घालून बेड झाकून टाकायची सवय मोडली. पांघरूण मागे ओढून, पंखा लावून गादी तासभर उघडी. आईला व्हिडिओ कॉलवर ते अंथरूण दिसलं की ती अस्वस्थ होते.

झोपाळू_मांजर
म्हणजे अंथरूण न आवरणं हे शास्त्र आहे!! बायकोला लिंक पाठवतोय.

बिनसाखरेचा
तुमचा आयडी बघता शंका होतीच.

खमंग_ढोकळा
ते पाणी शोषणारे डबे मिळतात ना ऑनलाइन, पांढरे खडे असलेले, खाली पाणी जमतं. ते चार ठेवले बेडरूममध्ये तर? आणि सिलिका जेलच्या पुड्या?

कोपऱ्यातला
ते खडे म्हणजे कॅल्शियम क्लोराइड. हिशोब करू. दहा बाय बाराच्या खोलीत साधारण ३२ घनमीटर हवा. ३० डिग्रीला ८० टक्के म्हणजे प्रत्येक घनमीटरमध्ये २४ ग्रॅम पाणी, म्हणजे खोलीतल्या हवेत पाऊण लिटर वाफ. ती निम्मी काढली तरी दाराखालून, खिडकीतून तेवढी परत आत येते. डबा आठवड्यांनी अर्धा लिटर जमवतो, खोलीला तो काय पुरणार. कपाटात किंवा बेडच्या बंद डब्यात मात्र उत्तम, तिथे हवा मोजकीच असते. फक्त आडवा होऊ देऊ नका, ते पाणी कपड्यांना लागलं तर वाळतच नाही. सिलिका जेलच्या पुड्या कॅमेऱ्याच्या बॅगेत ठीक.

डीह्युमिडिफायर मशीनबद्दल: "१२ लिटर" लिहिलेलं असतं ते दिवसाला, आणि तेही ३० डिग्री ८० टक्क्यांना मोजलेलं. आपल्या पावसाळ्याला बरोब्बर लागू पडतं. दारं खिडक्या बंद ठेवून चालवायचं, नाहीतर अख्ख्या ठाणे जिल्ह्याची हवा वाळवत बसाल.

लेस्टरकर
इकडे इंग्लंडात उलटा ऋतू, बुरशी हिवाळ्यात. थंड भिंत, बंद खिडक्या, घरात हीटरवर वाळत घातलेले कपडे. विद्यार्थी पोरं जमिनीवर गादी टाकून राहतात आणि घर सोडताना उचलतात तेव्हा खालून काळी ठिक्कर. घरमालक म्हणतो तुमची राहणी तशी, भाडेकरू म्हणतो तुझं घर तसं. सेम दुकानदार-गिऱ्हाईक.

हा वाद इथे फार गंभीर झाला. रॉचडेलला अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा २०२० च्या डिसेंबरात गेला, २०२२ च्या चौकशीत घरातल्या बुरशीमुळे श्वसनाचा त्रास होऊन गेला असं ठरलं. त्याच्या आईवडिलांनाही आधी राहणीवरच बोलले होते. त्याच्या नावाने नियम झाले, २७ ऑक्टोबर २०२५ पासून सोशल हाउसिंगला (कमी भाड्याच्या सार्वजनिक घरांना) लागू आहेत, ओल-बुरशीची तक्रार आली की १० कामकाजी दिवसांत तपासणी, तातडीचा धोका असेल तर २४ तासांत. घाबरवायला नाही सांगत, पण लहान मूल असेल तर "पावसाळ्यात होतं" ऐकून गप्प बसू नका.

चष्मेवाली_डॉक
+१. मात्र अस्मिता, तुमच्याकडे अख्खं घर ओलं नाही, एक गादी आहे आणि ती लवकर सापडली. रात्र जागून काढू नका.

गवतीचहा
थोडं विषयांतर. कोणाला ते गादीवाले आठवतात का, खांद्यावर ते धनुष्यासारखं यंत्र घेऊन टंग् टंग् वाजवत येणारे? अंगणात कापूस पिंजायचे आणि आम्ही पोरं नाकात कापूस घालून शिंकत बसायचो. आता कुठे मिळतात का?

तिरफळ
आमच्याकडे आता मशीनवर पिंजून देणारं दुकान आहे. जुनी गादी नेऊन टाकायची, संध्याकाळी नवी. खोळ नवीन हवी तर वेगळे पैसे. पावसाळ्यात घेत नाही तो, दमट कापूस मशीनला गुंडाळतो म्हणतो.

बिनसाखरेचा
कापसाच्या गादीचं कौतुक करणाऱ्यांनी ती गच्चीवर चढवून संध्याकाळी पाऊस यायच्या आत उतरवायचं काम कधी केलं नसावं. मी केलंय. माझ्या पाठीचं दुखणं तिथूनच सुरू.

झोपाळू_मांजर
आणि ढेकूण? कापसाच्या गादीच्या शिवणीत ढेकणांची हाउसिंग सोसायटी असायची. ओसी मिळालेली.

सोलापुरी_चादर
ढेकूण आमच्याकडेही आहेत. त्यांना पाणी लागत नाही ना.

पत्रव्यवहार
ढेकणांचा धागा वेगळा काढा लोकहो, इथे एका बाईचे २६ हजार अडकलेत.

अस्मिता_डों
सगळ्यांचे खूप आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. अपडेट देते.

गादी हॉलमध्ये सोफ्याला टेकवून उभी केलीय, दोन्ही बाजूंनी टेबलफॅन. बाहेरच्या कव्हरला चेन आहे हे आज कळलं, उघडली. कव्हर आतून पण डागाळलंय. त्याच्या आत पातळ जाळीसारखं कापड, त्यावर थोडे ठिपके. फोमवर मिस्टरांच्या बाजूला तळहाताएवढा फिकट करडा भाग आहे, बाकी स्वच्छ. वास पण तेवढ्याच भागाला. @प्रयोगवही ताईंनी सांगितल्याप्रमाणे अल्कोहोलने टिपून घेतलं, ठिपके बरेच फिके झाले पण पूर्ण गेले नाहीत.

@पत्रव्यवहार पत्रक सापडलं!! "वायुवीजन असलेल्या पायावर ठेवावे आणि वापरण्यापूर्वी सर्व वेष्टन काढावे" असं इंग्रजीत शेवटच्या पानावर आहे. सर्व वेष्टन! आणि बिल एकच आहे. आजच लेखी पाठवतेय.

मुकादम
तळहाताएवढंच असेल तर गादी वाचेल. फोम काही सडला नाही. कव्हर बदला, भोकं पाडा, झोपा.

चष्मेवाली_डॉक
इथे माझं थोडं वेगळं मत. फोम हा सच्छिद्र, वरून दिसतो तेवढाच भाग नसतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा सल्लाही हाच आहे की पाणी शोषणाऱ्या वस्तूंना बुरशी लागली तर पूर्ण निघणं अवघड, टाकाव्या लागू शकतात. मोठ्या माणसांनी वाळवून वापरली तर एकवेळ ठीक. मूल शिंकतंय, त्यामुळे मी तरी त्याला यावर झोपवणार नाही.

मुकादम
डॉक्टर, २६ हजार टाकायला सांगणं सोपं आहे.

चष्मेवाली_डॉक
टाका नाही म्हटलं, दुकानदाराकडून बदलून घ्या म्हटलं. तोवर पोराला आजीजवळ झोपवा.

प्रयोगवही
मधला मार्ग आहे. बऱ्याच गाद्यांत खालचा कडक फोम आणि वरचा मेमरी फोम चिकटवलेले असतात पण खालचा थर वेगळा मिळू शकतो. कंपनीला थर बदलून द्यायला सांगा. आणि हो, फोम वाळवायला उन्हाची उघडीप मिळाली तरी तासनतास उघडा ठेवू नका, ऊन लागून तो पिवळा पडतो आणि भुसभुशीत होतो. सावलीत वारा बरा.

खमंग_ढोकळा
आमची काथ्याची आहे, रबराइज्ड कॉयर. तिलाही होतं का हे? आता उचलून बघायची भीती वाटतेय.

कोपऱ्यातला
काथ्यातून हवा जाते त्यामुळे फोमपेक्षा बरी, पण खाली लॅमिनेट असेल तर तिलाही होतं. आत्ता उचला. या धाग्यावरच्या सगळ्यांनी आज घरी जाऊन उचला.

झोपाळू_मांजर
उचलली. गादी ठीक आहे. खाली २०१९ चं लाइट बिल, एक पायमोजा आणि बायकोचं हरवलेलं पैंजण सापडलं. तीन वर्षं कामवाल्या मावशींवर संशय होता.

गवतीचहा
अरेरे, मावशींची माफी मागा आधी.

अस्मिता_डों
उशीर झाला, पण सांगते. लेखी पाठवल्यावर आधी तेच "कंपनी पॉलिसी". मग पत्रकाच्या त्या ओळीला लाल गोल करून फोटो, एकच बिल, आणि १९१५ वरचा तक्रार क्रमांक असं एकत्र पाठवलं. दुसऱ्या दिवशी मालकाचा स्वतःचा फोन. बराच वेळ "आमचे तुमचे संबंध" वगैरे झालं, मी पहिल्यांदाच त्या दुकानात गेले होते.

ठरलंय असं: बेडची वरची फळी भोकं पाडून परत बसवणार आणि डब्याला जाळ्या, फुकट. गादीचं कव्हर आणि खालचा फोमचा थर नवीन. पूर्ण गादी बदलून द्यायला तयार नाहीत. मिस्टर म्हणतायत घेऊन टाक, मला अजून पटत नाहीये. पोराला सध्या आजीजवळच झोपवतोय. शिंका कमी आहेत, पण मधे दोन दिवस पाऊसही उघडला होता त्यामुळे नक्की कशाने कमी ते सांगता येत नाही.

पत्रव्यवहार
चांगलं केलंत. थर आणि कव्हर बदलून घ्या, पण "तक्रार पूर्णपणे मिटली" असं कशावरही सही करू नका, आणि १९१५ ची तक्रार काम झाल्याशिवाय बंद करू नका. नवीन थराची वॉरंटी आजच्या तारखेपासून लिहून घ्या.

मुकादम
आणि भोकं पाडतील तेव्हा घरी थांबा. चार कोपऱ्यात चार पाडून निघून जातील. सहा इंचांवर म्हणजे सहा इंचांवर, टेप घेऊन उभ्या राहा. कडा सँडपेपरने घासून घ्या, नाहीतर कव्हर फाटेल, मग त्याचा वेगळा धागा काढावा लागेल.

सोलापुरी_चादर
भोकातून खालच्या भांड्यांवर धूळ पडेल हो.

मुकादम
😀 हेच. हेच गिऱ्हाईक.

खमंग_ढोकळा
उचलली शेवटी. काथ्याला काही नाही पण फळीवर पांढरी भुकटी आहे आणि डब्यातल्या रजईला वास. @मुकादम तुम्ही ठाण्यात कामं घेता का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.